आजमितीस रिकामा

“मॅडम, जमिनीचं पोट एकदाच फाडा,” श्रावणजी म्हणाले. “पुन्हा फाडाले कोनी परवानगी देनार नाई तुमाले.”

बाजार चौकात जेसीबी घरघरत होता आणि मी चरीच्या काठावर नकाशा धरून उभी होते. मांडवखेड नगरपरिषदेत मी पाणीपुरवठ्याची कनिष्ठ अभियंता. गावभर नवी जलवाहिनी टाकायचं काम नुकतंच सुरू झालं होतं. समोरचा माणूस मला नावानं माहीत होता, चेहऱ्यानं तितकासा नाही. श्रावण लांजेवार. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लाइनमन म्हणून काढून निवृत्त झालेले. अंगात धुतलेला पांढरा पायजमा-सदरा, पायांत चिखलानं भरलेल्या चपला, आणि हातात हातभर लांबीचा काळा प्लास्टिकचा पाइप.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“रिकामा पाइप. तुमच्या पान्याच्या नळासंगं हाही टाकून ठेवा. आज आत काई घालाचं नाई. ज्या दिवशी गावाले हिंमत येईन, त्या दिवशी काचेची तार वढू त्याच्यातून.”

“इंटरनेटची?”

“व्हय. खर्च तारेचा नसते मॅडम, खर्च खोदकामाचा असते. चौतीस वर्षं थेच केलं म्या. आता चर तर तुमी खोदूनच रायल्या.”

मी हसले. माझ्या नकाशात असलं काही नव्हतं. पण जेवणाच्या सुट्टीत मी गणित मांडून पाहिलं आणि हसू थांबलं. माणूस शंभर टक्के खरं बोलत होता.

तेव्हाचे मुख्याधिकारी भले होते. त्यांनी ऐकून घेतलं, योजनेच्या खर्चात बसवलं, आणि पाण्याच्या नळाशेजारून तो काळा पाइपही जमिनीत गेला. बाजारातून गिरणीपर्यंत, आणि गिरणीपासून पुढे पलीकडच्या चार वॉर्डांतून. हा पाइप गावाच्या कामासाठीच राखून ठेवू, असं साहेब म्हणाले होते. तसा ठराव मात्र व्हायचा राहिला. लवकरच त्यांची बदली झाली, आणि राहिलेला ठराव राहूनच गेला.

मांडवखेडला गिरणी म्हणजे सूतगिरणी. ती बंद पडून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. पलीकडचे चार वॉर्ड गिरणी कामगारांचे. त्यांतल्या निम्म्या घरांत म्हातारी माणसंच उरली होती. तरणी पोरं पुण्याला, सुरतेला. ज्या मुली शिकल्या होत्या, त्या परीक्षेचा साधा फॉर्म भरायला सकाळच्या एसटीनं जिल्ह्याला जायच्या आणि तिथेही नेट बंद असलं की हात हलवत परत यायच्या.

श्रावणजींचं स्वतःचंही माणूस बाहेर होतं. एकुलती मुलगी, प्रणिता. तिचा नवरा अपघातात गेला तेव्हा तिची ओवी सहा महिन्यांची होती. पुण्यात एका कंपनीत ती विम्याचे कागद तपासायची. एका खोलीत मुलीला शेजारणीच्या भरवशावर ठेवून. श्रावणजी हे कधी रडून सांगत नसत. एकदाच म्हणाले होते, “तिचं सारं काम कॉम्प्युटरवर हाय मॅडम. तार इथवर आली, तर थे काम इथं बसून होईन. मंग पोरगी माह्या डोळ्यापुढं राहीन.”

पाइप जमिनीत गेल्यावर दोन वर्षं ते दारोदार फिरले. कधी कधी सुट्टीच्या दिवशी मीही जायची. लोक विचारायचे, ही कोणत्या कंपनीची योजना? श्रावणजी सांगायचे, “कोनत्याच नाई. आपली सोताची. जसं दूध संकलन केंद्र असते, तसं.” सहकारी संस्था उभी राहिली. सहाशे घरं सभासद झाली. नागपूरहून आलेली लाइन बाजारात घेतली आणि तिथून गिरणीपर्यंत, आमच्या पाइपातून, श्रावणजींनी आपल्या चार निवृत्त जोडीदारांना घेऊन तार ओढली. बाजार आणि अलीकडची पेठ जोडली गेली. गिरणीच्या जुन्या कॅन्टीनमध्ये बावीस टेबलं मांडली.

मग त्यांनी मुलीला फोन लावला. मी समोरच बसले होते.

“ये बेटा,” ते म्हणाले. “गावात काम हाय.”

प्रणिता आली. तिनं तिच्या पुण्याच्या साहेबांशी बोलून काम इकडे आणलं होतं. कॅन्टीनमधल्या बावीस मुलींना तिनं विम्याचे कागद वाचायला, तपासायला, भरायला शिकवलं. उंच, सावळी, कमी बोलणारी मुलगी. कोणी चुकलं तर खुर्ची ओढून शेजारी बसायची आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायची. ओवी त्या टेबलांमधून धावत असायची. वर्षभरात बावीसच्या चाळीस झाल्या. पुण्याची कंपनी म्हणाली, आणखी शंभर जणींचं काम देतो, घरून केलं तरी चालेल, फक्त लाइन एक दिवसही तुटता कामा नये.

शंभर जणी त्या पलीकडच्या चार वॉर्डांतच होत्या. कोणाची सासू आजारी, कोणाचं मूल लहान; गिरणीपर्यंत येणं त्यांना जमत नव्हतं. त्यांच्या दाराखालून आमचा पाइप गेलेला होता. त्यात अजून तार नव्हती. श्रावणजींनी आत नायलॉनची दोरी मात्र घालून ठेवली होती, म्हणजे पुढे ओढायला सोपं जाईल. तारेसाठी संस्थेनं वर्षभर थोडं थोडं बाजूला टाकलं, आणि कोजागिरीच्या आठवड्यात तारेची दोन मोठी लाकडी चाकं गिरणीच्या आवारात येऊन पडली.

त्या गुरुवारी दुपारी श्रावणजी ऑफिसात आले. हातात सीताफळांची पिशवी.

“घरची हायेत,” टेबलावर ठेवत म्हणाले. “दोन दिवसांनी खा, अजून डोळे उघडले नाईत पुरते.”

मी चहा सांगितला. ते खुर्चीत टेकले. त्या दिवशी ते फार खुशीत होते.

“माल तर आला मॅडम. पन मानसं नाईत. माहे जोडीदार कापूस वेचाच्या गडबडीत, आन् मजूर लावाचा तर आत्ता दुप्पट भाव. म्हनून म्हनतो, दिवाळीच्या सुट्टीत वढतो. पुन्याहून पोट्टे येतात घरी, दहा-वीस हात फुकट भेटतात. गावाचं काम गावानं केल्यासारखंही होते.” मग चहाचा घोट घेऊन विचारलं, “तशी तुमच्याकडून काई घाई तर नाई ना?”

“नाही,” मी म्हणाले. “घाई कसली?”

“मंग झालं.” कप ठेवून ते उठले. दारातून मागे वळून म्हणाले, “सीताफळं दाबून पाहू नका, काळी पडतात.”

रविवारी सकाळी बायपासवरून तीन गाड्या गावात आल्या. एका मोठ्या कंपनीच्या. निळ्या डगल्यांतली तीस-पस्तीस माणसं उतरली आणि पलीकडच्या वॉर्डांतली आमच्या पाइपाच्या खड्ड्यांची झाकणं एकामागोमाग उघडू लागली. कोणीतरी धावत जाऊन श्रावणजींना सांगितलं. ते अंघोळीला बसले होते. तसेच उठून, ओल्या केसांनी आले. त्यांनी मला फोन केला आणि मीही गेले.

मी पोचले तेव्हा ते एका उघड्या खड्ड्याशी उभे होते. कंपनीचा सुपरवायझर त्यांना कागद दाखवत होता. नगरपरिषदेची परवानगी, शुक्रवारच्या तारखेची, मुख्याधिकाऱ्यांच्या सहीची. नवे मुख्याधिकारी येऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

“पन हा पाइप संस्थेसाठी हाय,” श्रावणजी म्हणाले.

“तसा काही कागद आहे का काका?” सुपरवायझरनं विचारलं. तो उर्मट नव्हता. खरंच विचारत होता.

श्रावणजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “ठराव झालेला नाही.”

“मग पाइप नगरपरिषदेचा,” सुपरवायझर म्हणाला. “आणि रिकामा आहे. आत कुणाची तार असती तर आम्ही हातही लावला नसता.”

खड्ड्यात उतरलेल्या माणसानं आतून काहीतरी ओढलं आणि वर ओरडला, “साहेब, दोरी टाकलेलीच आहे आत!”

“वा, काम सोपं झालं,” सुपरवायझर म्हणाला.

श्रावणजींच्या दोरीला कंपनीची तार बांधली गेली आणि पुढच्या चौकातून ती ओढली जाऊ लागली. पाइपातून सर्र सर्र आवाज येत होता. श्रावणजी खाली वाकून ऐकत होते. चांगली ओढत होते ती माणसं. मध्ये कुठे अडकत नव्हतं. ते बराच वेळ तसेच वाकून होते. मग सरळ झाले आणि घरी गेले. गिरणीच्या आवारातली आपली दोन चाकं पाहायला त्या दिवशी ते गेले नाहीत.

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधीच ते येऊन बसले होते.

“अशा परवानगीले अभियंत्याचा अभिप्राय लागते ना मॅडम? पाइप रिकामा हाय का, धड हाय का, थे कोन सांगतलं त्यायले?”

“फाइल माझ्याकडे आली नाही,” मी म्हणाले. “परस्पर झालं असेल.”

त्यांनी मान हलवली. माझ्या शब्दावर त्यांनी कधी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. तेव्हाही विचारला नाही.

पुढचं सगळं दीड वर्षात झालं. कंपनीनं सहा महिने नेट फुकट दिलं, पलीकडच्या वॉर्डांतही आणि बाजारातही. बाजारात तर त्यांनी खांबांवरूनच तार आणली. लोक मला म्हणायचे, मॅडम, संस्था आपलीच आहे हो, पण फुकट मिळतंय तर का सोडायचं? एकेक घर संस्था सोडून गेलं. ज्यांनी श्रावणजींसोबत खड्ड्यात उतरून तार ओढली होती, त्यांतलाही एक जण गेला, आणि जाताना त्यांच्या घरी मिठाई देऊन गेला. श्रावणजींनी त्याच्या भिंतीवरचा संस्थेचा नेटचा डबा उतरवून आणला, पुसला आणि कपाटात ठेवला.

नागपूरहून येणारी लाइन उरलेल्या घरांच्या बळावर चालवणं शक्य नव्हतं. संस्था बंद झाली. कॅन्टीनमधलं काम कंपनीच्या लाइनवर गेलं. काही महिने ठीक चाललं. मग फुकटचे दिवस संपले, आणि लाइन तुटू लागली. पहिल्यांदा एक दिवस, मग अडीच दिवस. तक्रारीचा फोन कुठल्या तरी परराज्यात लागायचा. तिथली मुलगी फार गोड बोलायची आणि मांडवखेड हे नाव तीन-तीनदा विचारायची. श्रावणजी कुठे तुटलंय ते बसल्या जागेवरून सांगू शकले असते. पण त्या तारेला हात लावायचा त्यांना अधिकार नव्हता.

पोळ्याच्या सुमाराला सलग पाच दिवस लाइन बंद राहिली. सहाव्या दिवशी पुण्याच्या कंपनीनं काम काढून घेतलं. दुसऱ्याच्या हातातल्या लाइनच्या भरवशावर शंभर जणींचं काम तर त्यांनी दिलंच नव्हतं. चाळीस जणींचंही गेलं. पुढच्या वर्षी त्या मोठ्या कंपनीनंही मांडवखेडमधून आपला गाशा गुंडाळला. गाव लहान पडलं, म्हणाले.

प्रणिता पुण्याला निघाली तेव्हा मी एसटी स्टँडवर गेले होते. तिची जुनी जागा भरली गेली होती. आता दुसरीकडे, कमी पगारावर, रात्रपाळीचं काम मिळालं होतं. ओवी पाच वर्षांची झाली होती. आजोबांच्या करंगळीला धरून उभी होती आणि विचारत होती, आबा, तुम्ही का नाही येत?

गाडी लागली. प्रणितानं बॅग वर चढवली आणि खाली उतरून वडिलांसमोर उभी राहिली.

“बाबा, एकच सांगा,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “माल येऊन पडला होता. दोरी आत होती. तुम्हाला दोन दिवस लागले असते. दिवाळीची वाट का पाहिलीत?”

श्रावणजींनी ओवीला जवळ ओढलं.

“मी तिकडे बरी होते. तुम्ही बोलावलंत म्हणून आले.”

“चुकलं माहं,” ते म्हणाले. “मले वाटलं, घाई नाई.”

मी दोन पावलांवर उभी होते. कंडक्टरनं घंटी दिली. ओवी खिडकीतून हात हलवत होती. प्रणिता समोर पाहत होती. गाडी गेल्यावर श्रावणजी मला म्हणाले, “चला मॅडम, ऊन झालं तुमाले.”

त्यानंतर वर्षभरानं माझी बदली वर्ध्याला झाली. नियमानं झाली, कुणाच्या रागानं नाही. सामान बांधून झाल्यावर मी श्रावणजींच्या घरी गेले. संध्याकाळची वेळ होती. ते अंगणात खाटेवर बसून मुगाच्या शेंगा सोलत होते. फार वाळले होते. त्यांनी मला खाटेवर जागा करून दिली.

“वर्धा बरं हाय,” ते म्हणाले. “पानी गोड हाय तिथलं.”

“मला तुम्हाला एक सांगायचं आहे,” मी म्हणाले. “तो अभिप्राय मी लिहिला होता.”

त्यांचा हात थांबला.

मग मी सगळं सांगितलं. त्या बुधवारी नव्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर कंपनीचा अर्ज होता. मी म्हणाले, साहेब, पाइप संस्थेसाठी ठेवलेला आहे, तार येऊन पडली आहे. ते म्हणाले, “मॅडम, मी खोटं लिहा म्हणतोय का? पाइप आज रिकामा आहे की नाही?” मी म्हणाले, “आहे, पण...” ते म्हणाले, “‘पण’ला या फॉर्मात रकाना नाही.” मग जरा वेळानं, खिडकीबाहेर पाहत, “तिकडे पार टोकाला, सिरोंच्याला, अभियंत्याची एक जागा बरेच दिवस भरलेली नाही. तुमच्या सासूबाई अंथरुणावर असतात ना?” सासूबाईंचं सगळं मीच करायची. मिस्टर शाळेत, मुलगी दहावीला. मी पेन घेतलं आणि लिहिलं: सदर पाइप आजमितीस रिकामा असून वापरास योग्य आहे. खाली सही केली. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

श्रावणजी ऐकत होते. मांडीवरच्या सुपातली एक शेंग उचलून त्यांनी परत ठेवली.

“बुधवारी लिवलं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“आन् मी तुमच्याकडं कोनत्या दिवशी आलतो? सीताफळं घेऊन?”

“गुरुवारी.”

ते काही वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग म्हणाले, “गुरुवारची दुपार. शुक्रवार. शनिवार. अडीच दिवस होते मॅडम.”

“हो.”

“आत तार असती, तर थे हातही लावत नव्हते. तो मानूस बोललाच तसं.” ते माझ्याकडे वळले. रागानं नाही, एखादं कोडं सुटत नसल्यासारखे पाहत होते. “लिवलं थे समजते मले. पोटापान्याचं हाय, घरी म्हातारं मानूस. म्याही सायबाच्या धाकानं लई काई लिवून देल्लं नोकरीत. पन मले सांगाले काय झालतं? मी दुप्पट मजुरी देऊन मानसं लावली असती. तुमचं नाव कोठंच आलं नसतं. म्हटलं असतं, माह्या मनानं टाकली तार. रिटायर मानसाची कोठं बदली करतात?”

“मला तेव्हाच कळलं होतं ते,” मी म्हणाले. हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. “तुम्ही घाई नाही ना म्हणून विचारलंत, तेव्हा सही केलेली ती फाइल अजून माझ्याच टेबलावर होती. तुमच्या पिशवीखाली. मला वाटलं, तुम्ही घाईनं तार टाकलीत तर साहेबांना कळेल, मीच सांगितलं म्हणून.”

शेजारच्या घरी कोणीतरी नळाखाली बादली लावली होती, ती भरत आल्याचा आवाज येत होता. आमचाच नळ.

“मी प्रणिताला फोन करून सांगते,” मी म्हणाले. “ती तुम्हाला दोष देते. तिला कळायला हवं.”

“नाई.” ते पहिल्यांदाच माझ्यावर चढ्या आवाजात बोलले. “तुमी नाई सांगाचं. मी पाहीन माहं काय थे.”

मग सूप बाजूला ठेवून ते उठले, आत गेले आणि बाहेर आले नाहीत. मी थोडी थांबले आणि निघाले. मला वाटलं, ते स्वतःच सांगतील तिला. बापलेकीतलं आहे, मी मध्ये कशाला. असं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

आठ महिन्यांनी त्यांच्या एका जोडीदाराचा फोन आला. श्रावणजी झोपेतच गेले होते. मला कळायला उशीर झाला. मी तेरवीला पोचले.

अंगणात मांडव होता. पंगती उठल्या होत्या, बाया भांडी आवरत होत्या. ओवी आता चांगली मोठी दिसत होती. कुणाच्या तरी बाळाला मांडीवर घेऊन ओसरीत बसली होती. प्रणितानं मला पाहिलं, पदराला हात पुसत आली आणि माझे दोन्ही हात धरले.

“मॅडम, तुम्ही आलात. बरं वाटलं,” ती म्हणाली. “बाबा तुमचं नाव फार घ्यायचे. म्हणायचे, ऑफिसात एकच माणूस आपल्या बाजूनं होतं. वर्ध्याला फोन करून विचारपूस करत जा म्हणायचे. माझंच राहून गेलं.”

मी तिच्याकडे पाहत राहिले. “हे ते कधी म्हणाले?”

“कधी काय, नेहमीच. आत्ता दिवाळीतसुद्धा.”

म्हणजे मी सांगितल्यानंतर.

मी तिला हाताला धरून मांडवाच्या बाहेर, विहिरीपाशी नेलं. तिथं उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. बुधवार, गुरुवार, टेबलावरची फाइल, ‘घाई कसली’ म्हणालेली मी. खाटेवरची ती संध्याकाळ. काही लपवलं नाही आणि काही मऊ करून सांगितलं नाही.

माझं संपल्यावर तिनं माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

“बाबांना तुम्ही हे कधी सांगितलंत?”

“बदली झाली तेव्हा. आठ महिने झाले.”

“आठ महिने,” ती म्हणाली. विहिरीच्या काठाला धरून ती खाली बसली. “मी दर रविवारी फोन करायची मॅडम. दर रविवारी कशावरून तरी तेच निघायचं. रात्रपाळीनं डोकं उठलेलं असायचं, ओवीची शाळा बुडालेली असायची, आणि मी म्हणायची, तुम्ही दिवाळीची वाट पाहिलीत ना बाबा, म्हणून हे दिवस आले. दर रविवारी म्हणायची.”

“आणि ते?” मी विचारलं.

तिनं वर पाहिलं. तिचे डोळे अजून कोरडे होते.

“ते म्हणायचे, ‘हो बेटा.’ आणि मग म्हणायचे, ‘ओवी जेवली का?’”